मुसा राम : रेमाँ या फ्रेंच आडनांवाचें मूळ व त्या सरदाराचें चरित्र

महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मग्रामांतील जुन्या वह्या बाहेर निघतात, त्यांवरील धूळ झटकली जाते, आणि ज्यांचीं नांवें आपण विसरून गेलों होतों असे आपले आजे-पणजे पुन्हां डोळ्यांपुढें उभे राहतात. बाप्तिस्म्याच्या वहींत एका ओळींत बहुधा दोन नांवें असतात. एक संताचें व एक घराण्याचें. संताचें नांव कोठून आलें हें आपल्या मुलांस ठाऊक असतें. घराण्याचें नांव कोठून आलें हें मात्र घरांतील वडील मंडळींसहि पुष्कळदां सांगतां येत नाहीं. शिवाय आपल्यापैकीं अनेकांस केव्हां ना केव्हां असा अनुभव आलेला आहे कीं, आपलें नांव ऐकतांच समोरचा मनुष्य आपणांस परका समजूं लागतो. नांव परदेशचें म्हणून मनुष्यहि परदेशचा काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ विद्वानांचा नाहीं. तो आपल्या दाराशीं आलेला आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं आम्हीं एका अशा पुरुषाचें चरित्र निवडलें आहे कीं, जो जन्मानें खराखुरा परदेशी होता, ज्याचें नांवहि परदेशी होतें, ज्याच्या तोफा आपल्या परंडें-भूमच्या शेजारीं धडधडल्या, आणि तरीहि ज्याचें नांव दक्षिणेंतील लोकांनीं इतकें आपलेंसें केलें कीं, त्यांतून मूळचा फ्रेंच शब्द ओळखूं येणेंहि कठीण झालें. हा पुरुष म्हणजे निजाम अली खानाच्या पदरचा सेनापति मिशेल झोआकीम मारी रेमाँ होय. इंग्रजी पुस्तकांतून त्यास रेमंड असें म्हणतात. हैदराबादेंत मुसलमान त्यास मुसा रहीम म्हणत व हिंदु त्यास मुसा राम म्हणत.

रेमाँचा जन्म 1755 सालीं फ्रान्सच्या नैर्ऋत्येस गॅस्कनी प्रांतांत सेरिन्याक या गांवीं झाला. त्याचा बाप व्यापारी होता. त्या प्रांतांतील तरुण शौर्यासाठीं व किंचित् बढाईसाठीं प्रसिद्ध असत. फ्रान्सच्या राजाच्या लष्करांत गॅस्कन शिपायांचा मोठा भरणा असे. हा मुलगा मात्र प्रथम तलवार घेऊन नव्हे, तर तागडी घेऊन घरून निघाला. 1775 सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, तो आपल्या भावासह पाँडिचेरीस उतरला. तेथें दुकान मांडून पैसा मिळवावा असा त्याचा बेत होता.

येथें चरित्राचा धागा क्षणभर सोडून आपण त्याच्या नांवाकडे वळूं; कारण तो कोठला हें त्याचें नांवच सांगतें. रेमाँ हें मुळांत आडनांव नव्हे, तें बाप्तिस्म्याचें नांव होय. जुन्या जर्मन भाषेंतील रागिन म्हणजे मसलत व मुंड म्हणजे संरक्षण, या दोन शब्दांपासून तें झालेलें आहे. रोमचें साम्राज्य मोडल्यावर जे जर्मन लोक गॉल देशांत शिरले त्यांनीं तें बरोबर आणलें. परंतु आश्चर्य असें कीं, जर्मन मुळाचें हें नांव उत्तरेपेक्षां फ्रान्सच्या दक्षिणेंत अधिक रुजलें. त्याचें मुख्य कारण तुलूझ येथील राजघराणें. त्या घराण्यांत रेमाँ नांवाचे सात सरदार होऊन गेले. त्यांपैकीं चवथा रेमाँ 1096 सालीं पहिल्या धर्मयुद्धास निघाला, 1099 सालीं जेरुसलेमच्या वेढ्यांत हजर होता, आणि 1105 सालीं तिकडेच मरण पावला. धन्याचें नांव चाकरानें व कुळानें आपल्या मुलास ठेवावें ही रीति जशी आपल्याकडे तशीच तिकडेहि. त्यामुळें तुलूझच्या भोंवतालच्या मुलुखांत घरोघर रेमाँ झाले.

त्यांत संतांच्या नांवाची भर पडली. तुलूझच्याच सें-सेर्नें देवालयाचा एक पुरोहित, जो 1118 सालीं वारला, तो संत रेमाँ म्हणून पूजिला जातो. पिरेनीज पर्वताच्या पलीकडे कातालुन्यांत धर्मशास्त्राचा महापंडित, पेन्याफोर्टचा संत रेमंड झाला. तो 1275 सालीं वारला व त्याचा सण 7 जानेवारीस येतो. गर्भिणी स्त्रिया ज्याचा धांवा करतात तो संत रेमंड नोन्नातुस हाहि त्याच बाजूचा. त्याचा सण 31 ऑगस्टला असतो. आपल्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं रेमंड नांवाचा मुलगा असेल, तर त्याचें नांव ज्या वाटेनें आलें ती वाट अशी तुलूझ-कातालुन्यावरून येते.

आतां बाप्तिस्म्याच्या नांवाचें आडनांव कसें झालें तें पाहूं. मध्ययुगांत एका गांवांत एकाच नांवाचे दहा-वीस इसम होऊं लागले, तेव्हां प्रत्येकाच्या नांवामागें ओळख म्हणून दुसरा शब्द लागूं लागला. कोणास धंद्याचें नांव मिळालें, कोणास गांवाचें, कोणास अंगच्या व्यंगाचें, आणि कोणास बापाचें. अमुक रेमाँचा मुलगा तो रेमाँ, असें होतां होतां तें नांव पिढीजात झालें. पोर्तुगीज लोकांत हेंच काम शेवटीं एस लावून केलें जातें. फर्नांदोचा तो फर्नांडिस, रॉद्रिगोचा तो रॉड्रिग्ज. आपल्या वसईच्या व गोव्याच्या बांधवांचीं निम्मीं आडनांवें याच जातीचीं आहेत. फ्रेंचांनीं मात्र शेवट न बदलतां बापाचें नांवच तसेंच्या तसें मुलाच्या गळ्यांत घातलें.

एवढ्यावरून केवळ दक्षिण फ्रान्स कळला. परंतु अक्षरांकडे बारकाईनें पाहिलें, तर त्याहून अधिक कळतें. पूर्वेस बर्गंडी-लोरेनकडे हेंच नांव रेमों किंवा रेमोंद अशा वळणानें एकार घालून लिहितात. दोफिनें व स्वित्झर्लंडच्या बाजूस त्यांत दुसराच स्वर घालतात. पिरेनीजजवळ रामों किंवा रामोन असें लिहितात. आणि खुद्द गॅस्कनीच्या खेडवळ बोलींत तर रकारानें आरंभ होणारा शब्द उच्चारतांना अगोदर अकार लावण्याची खोड आहे. त्यामुळें तेथें या नांवाचें खरें गांवठी रूप आरामोन असें होतें. हें ऐकून कोणी हंसूं नये. आपल्या गांवचा शेतकरी स्टेशनाला इस्टेशन व स्कुलाला इस्कुल म्हणतो, त्यांतलाच हा प्रकार. सेरिन्याकच्या व्यापाऱ्याच्या घरांत आरामोन न लिहितां रेमाँ लिहीत, यावरून त्या घरानें कागदोपत्रीं शहरी फ्रेंच वळण स्वीकारलेलें होतें एवढें म्हणतां येईल.

गांवाचें नांवहि साक्ष देतें. शेवटीं आक असलेलीं गांवें फ्रान्सच्या नैर्ऋत्येस दाट आहेत. प्राचीन गॉल लोकांच्या भाषेंतील हा प्रत्यय अमक्याची जमीन किंवा अमक्याचें वतन असा अर्थ दाखवितो. उत्तरेकडे तोच प्रत्यय झिजून नुसता ई उरला. म्हणून एकाच नांवाच्या रोमन जमीनदाराचें गांव दक्षिणेस साविन्याक झालें व उत्तरेस साविन्यी झालें. ज्याप्रमाणें शेवटीं वाडी, बुद्रुक, खुर्द किंवा पूर आहे हें पाहून आपण गांवाचा इतिहास ताडतों, त्याचप्रमाणें फ्रेंच विद्वान् आक व ई पाहून प्रांत ताडतात. रेमाँ हें आडनांव आणि सेरिन्याक हें गांव हे दोन्ही साक्षीदार एकच दिशा दाखवितात. तो मनुष्य दक्षिणेचा, ज्याला फ्रेंच लोक ओक बोलीचा देश म्हणतात त्या मुलुखाचा होता.

आतां पुन्हां चरित्राकडे वळूं. पाँडिचेरीच्या दुकानांत रेमाँचें मन रमलें नाहीं. हैदर अलीच्या चाकरींत असलेल्या शेव्हालिए द लाली याच्या फ्रेंच तुकडींत तो शिरला. पुढें 1783 सालीं वृद्ध सेनापति बुसी फ्रान्सहून परत हिंदुस्थानांत आला, तेव्हां रेमाँ त्याचा अंगरक्षक अंमलदार झाला. 1785 सालीं बुसी पाँडिचेरीस वारला. त्यानंतर रेमाँ निजामाच्या चाकरीस गेला. आरंभीं त्याच्या हाताखालीं अवघे तीनशें शिपाई होते, व त्यांच्या बंदुकाहि स्वतःच्या नव्हत्या; एका फ्रेंच व्यापाऱ्याकडून दर बंदुकीस दरमहा आठ आणे भाड्यानें त्या आणलेल्या होत्या. दहा वर्षांत त्याच तीनशांचे दहा हजारांहून अधिक झाले. कवाईत, वेळेवर पगार आणि स्वतःच्या कारखान्यांत ओतलेल्या तोफा या तीन गोष्टींवर त्यानें हें सैन्य उभें केलें. हैदराबादेंतील तोफ का सांचा या नांवाचा भाग आजहि त्या ओतकामाची आठवण देतो.

1795 सालीं चौथाईच्या थकबाकीवरून पेशवे व निजाम यांचें वितुष्ट विकोपास गेलें. निजाम अली स्वतः जनानखान्यासह स्वारीस निघाला. पुण्याहून तरुण सवाई माधवराव व नाना फडणीस निघाले. शिंदे, होळकर, भोंसले व पटवर्धन आपापल्या फौजा घेऊन आले. मोहरीचा घाट उतरून निजामाचें सैन्य खर्ड्यास आलें आणि 11 मार्च 1795 रोजीं तें खर्ड्याहून परंड्याकडे कूच करीत असतां उजव्या अंगास मराठ्यांची फौज उभी दिसली. ज्या माळांवरून आज आपले लोक परंड्याच्या व खर्ड्याच्या बाजारास जातात, त्याच माळांवर ही लढाई झाली.

त्या दिवशीं एका बाजूस रेमाँ होता. दुसऱ्या बाजूसहि दोन फ्रेंच होते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. शिंद्यांच्या कवायती पलटणींवर पेराँ होता व होळकरांच्या पलटणींवर द्युद्रेनेक होता. तिघांचीं आडनांवें शेजारीं ठेवून पाहावींत. द्युद्रेनेक म्हणजे द्रेनेक गांवचा. हें गांव ब्रिटनींत आहे. तेथील ब्रेटन भाषेंत द्राएन म्हणजे कांटा, आणि शेवटचा एक हा प्रत्यय जागा दाखवितो. कांटेरी झुडपांचें गांव असा त्याचा अर्थ. आपल्याकडील बाभळगांवच म्हणा ना! पेराँची गोष्ट याहून वेगळी. त्याचें खरें नांव पिएर कुइये. तो मेन प्रांतांतला. पेराँ हें पिएर म्हणजे पेत्र या नांवाचें घरगुती रूप त्यानें आडनांव म्हणून धारण केलें. ज्यानें शिंद्यांचें हें कवायती सैन्य प्रथम उभारलें तो द बॉइन हाहि असाच. तो साव्हॉयमधील शांबेरीचा लबोर्न्य. त्या शब्दाचा अर्थ एकाक्ष. तें त्यानें बदलून सरदारी थाटाचें नांव घेतलें. यावरून शोधकानें एक धडा घ्यावा. आडनांव वाट दाखवितें खरें, पण मनुष्य वाटेंत नांव बदलूं शकतो. नुसत्या नांवावर विश्वास ठेवून पेराँचें मूळ शोधणारा मनुष्य भलत्याच गांवीं पोंचला असता.

लढाईचा वृत्तांत थोडक्यांत असा. निजामाच्या पठाण घोडेस्वारांनीं मराठ्यांच्या आघाडीवर जोराचा हल्ला केला. परशुरामभाऊ पटवर्धन जखमी झाले, त्यांचे आप्त विठ्ठलराव पडले, व कांहीं काळ मराठ्यांची आघाडी डळमळली. परंतु पेराँच्या उंचावरील तोफांनीं व नागपूरकर भोंसल्यांच्या बाणांच्या माऱ्यानें निजामाचे घोडेस्वार उधळले. रेमाँचें पायदळ मात्र रांग न मोडतां पेराँच्या पलटणींशीं झुंजत राहिलें. अशा वेळीं निजामाकडून त्यास माघारीचा हुकूम आला. जनान्याच्या घाबरगुंडीनें निजामाचें धैर्य खचलें होतें, असें इतिहासकार सांगतात. रेमाँस नाइलाजानें मागें यावें लागलें. रात्रीं मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांस पाणी पाजण्यास ओढ्यावर गेली असतां अंधारांत गोळीबार सुरू झाला. त्यानें सारी छावणी भेदरली, निजाम खर्ड्याच्या लहानशा किल्ल्यांत शिरला, व सकाळीं पाहतात तों त्याची बहुतेक फौज पळून गेलेली. किल्ल्यांत पाण्याचे हाल झाले. अखेरीस दौलताबादचा किल्ला, परंड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, तीन कोटी रुपये आणि स्वतःचा दिवाण मुशीरुल्मुल्क हीं देण्याचें कबूल करून त्यानें आपली सुटका करून घेतली.

आपल्यापैकीं कोणी म्हणेल, हा तर आपल्या पूर्वजांवर तोफा डागणारा. त्याचें चरित्र आपण कशास वाचावें? हा आक्षेप योग्य आहे, व तो टाळून पुढें जाणें आम्हांस बरें वाटत नाहीं. परंतु त्या माळावर दोन्ही बाजूंस मराठी बोलणारे शिपाई होते व दोन्ही बाजूंस फ्रेंच सरदारहि होते. ज्याचें मीठ खाल्लें त्याच्यासाठीं लढावें हा त्या काळचा न्याय होता. रेमाँनें आपला धनी पडत्या काळांत सोडला नाहीं. त्याच वर्षीं निजामाचा मुलगा अलीजाह बंड करून उठला, तेव्हां रेमाँनेंच त्याचा पाठलाग करून बंड मोडलें. निजामाची मर्जी त्यावर अधिकच बसली. त्याच्या सैन्यानें फ्रान्सच्या नव्या प्रजासत्ताकाचें तिरंगी निशाण उभारलें होतें. त्यामुळें इंग्रजांच्या डोळ्यांत तो सलूं लागला. आम्ही त्यास संत ठरवीत नाहीं, किंवा त्याचा कित्ता गिरवा असेंहि म्हणत नाहीं. तो भाडोत्री सैनिक होता. पण इमानी होता, व आपल्या शिपायांचा पोटच्या पोरांप्रमाणें सांभाळ करणारा होता, अशी त्याची ख्याति आहे.

25 मार्च 1798 रोजीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, रेमाँ हैदराबादेस मरण पावला. तेथें एका टेकडीवर त्यास पुरलें. तेथें चौथऱ्यावर काळ्या दगडाचा सुमारें तेवीस फूट उंच निमुळता स्तंभ उभा आहे, व त्यावर त्याच्या नांवाचीं झोआकीम रेमाँ यांतील केवळ दोन आद्याक्षरें कोरलेलीं आहेत. शेजारचा खांबांचा मंडप 2001 सालीं कोसळला; पुढें तो पुन्हां बांधण्यांत आला. त्या थडग्यावर हिंदु-मुसलमान लोक कित्येक पिढ्या ऊद व दिवा लावीत. मुसा हा शब्द मुळांत फ्रेंच मस्यू, म्हणजे आपल्या राव किंवा साहेब या अर्थाचा. मराठी कागदांतहि बुसीचा उल्लेख मुसा बुसी असा होत असे. परंतु मुसा म्हणजे मोशे संदेष्टा हें मुसलमानांस परिचित, म्हणून तो शब्द त्यांच्या जिभेवर सहज बसला. आणि रेमाँच्या अनुनासिक उच्चारांत एकास रहीम ऐकूं आला, तर दुसऱ्यास राम. आजहि हैदराबादेंत मुसारामबाग नांवाची वस्ती आहे. तुलूझच्या सरदारांचें जर्मन मुळाचें नांव दक्षिणेंत येऊन राम झालें!

रेमाँच्या मागें पिराँ नांवाचा फ्रेंच सेनापति झाला. (शिंद्यांकडील पेराँ तो हा नव्हे.) 1 सप्टेंबर 1798 रोजीं निजामानें इंग्रजांशीं तह केला आणि 22 ऑक्टोबर 1798 रोजीं रेमाँचें सारें सैन्य निःशस्त्र करण्यांत आलें. पगार थकल्यामुळें शिपाई आपल्याच अंमलदारांवर उठले होते. त्यामुळें रक्तपात झाला नाहीं. फ्रेंच पलटणी गेल्या व त्यांच्या जागीं इंग्रजांच्या देखरेखीखालील फौजा आल्या. त्यांपैकीं कंटिंजंट नांवाच्या फौजेचा खर्च निजामावर इतका चढला कीं, त्याच्या फेडीसाठीं 1853 सालीं वऱ्हाडाबरोबर आपला धाराशिवचा मुलूखहि इंग्रजांच्या हवालीं करावा लागला. तो 1860 सालीं निजामाकडे परत आला व 1948 सालीं निजामी संपेपर्यंत तेथेंच राहिला. म्हणजे खर्ड्याच्या माळावरील त्या तोफांचा धागा पुढें आपल्या गांवच्या सारावसुलीपर्यंत येऊन पोंचतो.

आपल्या गांवाच्या नांवाचेंहि असेंच झालें नाहीं काय? धाराशिव हें जुनें नांव. सातव्या निजामाच्या नांवावरून तें उस्मानाबाद झालें. आणि 2023 सालीं सरकार-दरबारीं पुन्हां धाराशिव झालें. नांव बदललें म्हणून येथील विहिरींचें पाणी बदललें नाहीं, कीं येथील माणसें परकीं झालीं नाहींत.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. फ्रान्समध्यें आज जो कोणी आपल्या आडनांवाचें मूळ शोधतो, तो कशाच्या आधारें? धर्मग्रामाच्या वह्यांच्या आधारें. 1539 सालीं राजा पहिला फ्रान्स्वा यानें प्रत्येक बाप्तिस्म्याची नोंद पुरोहितानें ठेवावी असा हुकूम काढला. 1563 सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्या ठेवणें पुरोहितांचें कर्तव्य ठरविलें. 1792 सालीं क्रांतीच्या सरकारनें नोंदणीचें काम धर्मगुरूंच्या हातून काढून घेतलें. त्या अडीचशें वर्षांत खेड्यापाड्यांतील अप्रसिद्ध पुरोहितांनीं बोरूनें लिहिलेल्या ओळी नसत्या, तर हजारों कुटुंबांस आपला पणजा कोण हें कळलें नसतें.

आपल्या वहीचेंहि मोल तितकेंच आहे. आपल्यांत कोणाचें आडनांव कांबळे आहे, कोणाचें साळवे, कोणाचें गायकवाड, आणि वसई-गोव्याकडून आलेल्या कोणाचें परेरा. परेरा म्हणजे नासपतीचें झाड, आणि साळवे-गायकवाड यांचीं मुळें याच काळ्या मातींत. यांपैकीं कोणतेंहि नांव दुसऱ्याहून कमी ख्रिस्ती नाहीं, कीं कमी मराठी नाहीं. म्हणून महोत्सवाच्या या वर्षीं आमची वाचकांस इतकीच विनंति आहे कीं, घरांतील वृद्ध मंडळी आहेत तोंवर त्यांच्या जवळ बसावें, मूळ गांव कोणतें, तेथून कोणत्या दुष्काळांत किंवा कोणत्या कामासाठीं निघालों, हें विचारून लिहून ठेवावें, आणि मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळीं आडनांव संपूर्ण, स्वच्छ व घरांत चालतें तसेंच सांगावें. टेकडीवरील त्या स्तंभावर एका सेनापतीचीं दोन अक्षरें उरलीं. आपल्या गरीब पूर्वजांसाठीं कोणी स्तंभ उभारला नाहीं; त्यांच्यासाठीं वहींतील ती एक ओळ आहे. ती पुसूं देऊं नये.